धर्माच्या अभ्यासाचा पेपर क्रेडिटला कसा बसवायचा: अभ्यास मंडळापासून मार्कशीटपर्यंत

मे-जून आला की मला दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक असतो कुठल्यातरी कॉलेजातल्या प्राध्यापकाचा, की मॅडम, वारकरी संतांवर दोन क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे पदवीत मोजलं जाणारं अभ्यासाचं माप) पेपर लावायचाय, सुरुवात कुठून करू. दुसरा असतो एखाद्या ट्रस्टच्या विश्वस्तांचा, आमच्याकडे वर्षानुवर्षं पाठांतराचे, प्रवचनाचे वर्ग चालतात, मुलं मन लावून शिकतात, तर त्यांना कॉलेजात त्याचे क्रेडिट मिळतील असं काही करता येईल का. दोघांनाही फोनवर सांगून पुरत नाही म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. मी अभ्यास मंडळावर, म्हणजे एखाद्या विषयाचा सिलॅबस ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीवर, काम केलंय, असे पेपर मंजूर होताना पाहिलेत आणि परत आलेला पण पाहिलाय. हे सगळं महाराष्ट्रातली सार्वजनिक विद्यापीठं आणि त्यांची संलग्न कॉलेजं यांच्यापुरतं धरा.

आधी हे ठरवा की क्रेडिट देणार कोण

विश्वस्तांना मी पहिल्यांदा हेच सांगते. पदवी द्यायचा अधिकार १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ मध्ये बांधून दिलेला आहे. कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढेच. मठ, पीठ, मदरसा, सेमिनरी, विहार कितीही जुना असो, तिथला वर्ग कितीही दर्जेदार असो, तिथून थेट पदवीचं क्रेडिट निघत नाही. ५ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याचा निकाल दिला तो आपल्याकडच्या सगळ्याच धर्मांच्या संस्थांनी वाचण्यासारखा आहे. कोर्टाने तो २००४ चा कायदा टिकवला, मदरसे चालवायला आणि त्यांचा दर्जा राखायला हरकत नाही म्हटलं, पण त्या बोर्डाच्या कामिल आणि फाजिल या पदवी आणि पदव्युत्तर पातळीच्या परीक्षा मात्र रद्द ठरवल्या, कारण त्या यूजीसी कायद्याशी भिडत होत्या. म्हणजे अडचण धर्माची नव्हती, पदवी द्यायच्या अधिकाराची होती.

उलट बाजूचं उदाहरण बंगालच्या सेरामपूर कॉलेजचं. तिथे धर्मशास्त्राची पदवी मिळते ती १८२७ च्या डेन्मार्कच्या राजाच्या सनदेमुळे आणि नंतरच्या १९१८ च्या कायद्यामुळे. अधिकार कागदावर आहे म्हणून पदवी आहे.

मग ट्रस्टने काय करायचं? कॉलेजशी जोडून घ्यायचं. तुमचं ग्रंथालय, तुमच्याकडच्या पोथ्या, तुमचे जाणकार, तुमची जागा, हे सगळं विद्यापीठाने मंजूर केलेल्या पेपरमध्ये वापरता येतं आणि त्याने पेपर खरंच श्रीमंत होतो. पण पेपर विद्यापीठाचा असला पाहिजे. आणि कॉलेजवाल्यांना पण एक सांगायचंय, नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) आपण जे तीस तासांचे व्हॅल्यू ॲडेड कोर्स चालवतो त्याचं सर्टिफिकेट म्हणजे क्रेडिट नाही. मुलांना ॲडमिशनच्या वेळीच स्पष्ट सांगा, नंतर मार्कशीटवर ते दिसत नाही म्हणून मुलं रडकुंडीला येतात आणि त्यांचं चुकत नसतं.

धर्म शिकवणं वेगळं, धर्माचा अभ्यास वेगळा

सगळा पेपर याच एका गोष्टीवर उभा राहतो किंवा पडतो, म्हणून इथे जरा थांबते. राज्यघटनेचं कलम २८ म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. त्याचंच तिसरं पोटकलम मान्यताप्राप्त आणि अनुदानित संस्थांना लागू होतं, तिथे कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आपली बहुतेक कॉलेजं इथे येतात.

आता लोक विचारतात मग पाली, बौद्ध अध्ययन, जैन अध्ययन हे विभाग विद्यापीठात कसे चालतात? याचं उत्तर संविधान सभेतच दिलेलं आहे. ७ डिसेंबर १९४८ ला याच कलमावर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धार्मिक शिक्षण आणि अभ्यास-संशोधन यातला फरक सांगितला. अमुक एक देव, अमुक शेवटचा प्रेषित असं मानायला लावणं म्हणजे धार्मिक शिक्षण, आणि अभ्यास ही त्याहून पूर्ण वेगळी गोष्ट, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १९७१ मध्ये अमृतसरच्या गुरु नानक विद्यापीठाच्या कायद्यावर डीएव्ही कॉलेजने केस केली तेव्हा कोर्टाने हेच धरलं, की गुरु नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. २००२ च्या अरुणा रॉय केसमध्ये शाळेच्या अभ्यासक्रमात धर्मांविषयी शिकवण्याबद्दल पण तीच भूमिका राहिली. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण असे दोन शब्द वेगळे करून ठेवले होते.

मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं तर ही रेघ नुसती प्रस्तावनेत लिहून भागत नाही. ती आउटकममध्ये (पेपर शिकून मुलाला काय यायला हवं त्यात), वाचनाच्या यादीत आणि प्रश्नपत्रिकेत दिसायला लागते.

कुठल्या बास्केटमध्ये टाकायचा

२० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आपल्याकडे एनईपीचा, म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा, क्रेडिटचा आराखडा आला. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (मुलाने स्वतः निवडायचा पेपर), भारतीय ज्ञान प्रणाली म्हणजे आयकेएस, व्हॅल्यू एज्युकेशन, असे सगळे व्हर्टिकल, म्हणजे पेपरांचे गट किंवा बास्केट. धर्माच्या पेपरसाठी बहुतेकांचं बोट आधी आयकेएसवर जातं, ते दोन क्रेडिट तयारच आहेत म्हणून. माझा स्पष्ट सल्ला, तिथे टाकू नका. आयकेएस सगळ्या मुलांना सक्तीचं असतं, आणि सक्तीचा पेपर अधिक एकाच पंथाचा मजकूर म्हणजे तुम्ही कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमाच्या दारात जाऊन उभे राहिलात. शिवाय ज्ञान प्रणाली म्हणजे गणित, शेती, वास्तू, वैद्यक, बौद्ध आणि जैन तर्कशास्त्र, असं बरंच काही आहे, ते सगळं एका संप्रदायात कोंबणं त्या विषयावर पण अन्याय आहे.

ओपन इलेक्टिव्ह ही योग्य जागा. मुलगा स्वतः निवडतो, चार पर्यायांतून निवडतो, त्यामुळे संमतीचा प्रश्न तिथेच सुटतो. फक्त एक लक्षात ठेवा, ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं, म्हणजे मानव्यविद्येचा हा पेपर घेणारी मुलं बीकॉमची आणि बीएस्सीची असणार. त्यांनी ओवी-अभंग दहावीनंतर पाहिलेला नसतो. एमए मराठीचा सिलॅबस कापून छोटा करून त्यांना देऊ नका, नव्याने लिहा.

मायनर करायचं असेल तर १८ ते २० क्रेडिटची तयारी हवी, दोन-तीन वर्षं तोच शिक्षक टिकला पाहिजे. पहिल्याच वर्षी त्या फंदात पडू नका.

सिलॅबस लिहायला बसताना

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास वर्गातले, दोन क्रेडिट म्हणजे तीस. आपल्या बहुतेक विद्यापीठांत क्रेडिटला पंचवीस मार्क, म्हणजे पेपर पन्नासचा.

परत आलेल्या पेपरची गोष्ट सांगते, कुठलं विद्यापीठ ते महत्त्वाचं नाही. संतांवरचाच पेपर होता, मांडणी चांगली, लिहिणारे प्राध्यापक अभ्यासू. पहिला आउटकम असा होता, "विद्यार्थ्यांच्या मनात संतांविषयी श्रद्धा व भक्तिभाव निर्माण होईल." बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी पेन्सिलने त्याखाली रेघ मारली आणि शांतपणे विचारलं, ज्याच्या मनात हा भाव निर्माण झाला नाही त्याला तुम्ही नापास करणार का? खोलीत कोणी बोललं नाही. त्या प्राध्यापकांच्या मनात काही वावगं नव्हतं, मला माहितीये, त्यांना संतांविषयी मनापासून प्रेम होतं आणि ते मुलांपर्यंत जावं एवढंच वाटत होतं. पण भाव मोजता येत नाही, आणि मोजायला गेलो तर तो धार्मिक शिक्षणाचा भाग होतो. पुढच्या बैठकीत तो आउटकम बदलून आला: "विद्यार्थी दोन संतांच्या अभंगांतली भक्तीची कल्पना मूळ ओळींचा आधार देऊन तुलना करून मांडू शकेल." पेपर मंजूर झाला. क्रियापद तपासा, एवढी एकच युक्ती सांगते. ओळखणे, तुलना करणे, संदर्भ लावणे, आधार देऊन मांडणे, ही चालतात. मानणे, अनुसरणे, अंगी बाणवणे, ही सिलॅबसमध्ये नकोत.

तीस तासांची विभागणी कशी करता येईल याचा एक नमुना देते, जशीच्या तशी उचलू नका, आपल्या भागाप्रमाणे बदला.

पहिले आठ तास पंढरपूर आणि वारीचा इतिहास. इथे देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख जरूर घ्या. शके ११९५ ते ११९९ मधला, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, यादव रामदेवरायाच्या काळातला, आणि त्यात आहे काय तर देवळासाठी कोणी काय दिलं याची नोंद. बीकॉमच्या मुलांसमोर तो देणगीची नोंद म्हणून ठेवला की त्यांचे कान टवकारतात, देऊळ म्हणजे पैसा, हिशेब, राजसत्ता, गावकरी हे सगळं एकत्र असलेली संस्था आहे हे त्यांना आपोआप कळतं. रा. चिं. ढेरे यांचं विठ्ठलावरचं संशोधन याच भागात वाचायला द्या.

पुढचे आठ तास अभंग, आणि त्यात चोखामेळा, जनाबाई, बहिणाबाई यांना शेवटच्या दिवशी उरकू नका. जात आणि बाईपण हे प्रश्न त्या ओळींतच आहेत, बाहेरून आणावे लागत नाहीत.

मग आठ तास शेजारच्या परंपरा. महानुभाव, नाथ, लिंगायत, श्रीगोंद्याचे शेख महंमद, आणि फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, जे १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं आणि आपल्या ओवीतच आहे. हा भाग वगळला की पेपर एकाच संप्रदायाचा होतो आणि विद्या परिषदेत (विद्यापीठाच्या शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळात) प्रश्न येतात, पण मी तो प्रश्न टाळण्यासाठी घ्या असं म्हणत नाही. पंढरपूरची ओवी आणि रायतूरची ओवी शेजारी शेजारी वाचली की मराठी भाषा कुठवर पोचली होती ते मुलांना दिसतं, त्यासाठी घ्या.

उरलेले सहा तास आधुनिक काळ. मे १९४७ मधलं साने गुरुजींचं पंढरपूरचं मंदिरप्रवेशासाठीचं उपोषण, आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पंढरपूरच्या देवळातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले तो विषय. देवस्थानाचा कारभार कोणाच्या हातात, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

वाचनाच्या यादीत परंपरेच्या आतला मजकूर आणि बाहेरून केलेला अभ्यास, दोन्ही हवेत. नुसती प्रवचनांची पुस्तकं दिली तर पेपर परत येतो, आणि नुसतं समाजशास्त्र दिलं तर मुलांना मूळ अभंगच वाचायला मिळत नाही, तेही वाईटच.

मंजुरीचा प्रवास

२०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, त्याप्रमाणे चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. तुमचा पेपर कोणत्या अभ्यास मंडळाकडे जाणार ते आधी शोधा. संतांचा असेल तर मराठी, तौलनिक धर्मांचा असेल तर तत्त्वज्ञान, बौद्ध असेल तर पाली. चुकीच्या मंडळाकडे गेलेला प्रस्ताव फिरत राहतो आणि सेमिस्टर निघून जातं.

क्रम असा: अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्या परिषद. पैशाचा किंवा नव्या पदांचा विषय असेल तर व्यवस्थापन परिषद. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना सिलॅबस थेट बैठकीत देऊ नका, अजेंडा निघायच्या आधी पाठवा, सोबत एक पानाची टिपणी जोडा: पेपर कोणत्या व्हर्टिकलमध्ये, किती क्रेडिट, कोणत्या सेमिस्टरला, शिकवणारा कोण, मूल्यमापन कसं, आणि पर्यायी पेपर कोणते. ही शेवटची ओळ लोक विसरतात. पर्याय आहे हे कागदावर असलं की अर्ध्या शंका तिथेच मिटतात. बैठक झाली की मिनिट्समध्ये तुमच्या पेपरचा ठराव नीट उतरलाय का ते बघा, शब्द चुकला तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तोच चुकलेला शब्द जातो.

आधीच मंजूर असलेल्या पदवीत एक इलेक्टिव्ह वाढवणं वेगळं, आणि कॉलेजात नवा विषय किंवा नवा अभ्यासक्रमच सुरू करणं वेगळं. दुसऱ्यासाठी कलम १०९ ची परवानगी लागते, त्यात राज्य शासन येतं आणि वर्षभर आधी तयारी करावी लागते. कॉलेज स्वायत्त असेल तर तुमचं स्वतःचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद असते, काम लवकर होतं, पण पदवी विद्यापीठाचीच असते त्यामुळे आराखड्याबाहेर जाता येत नाही.

शिकवणार कोण, तपासणार कोण

कीर्तनकार, भंते, मुनी, फादर, मौलाना यांना पाहुणे म्हणून जरूर बोलवा. चार तास त्यांचे ठेवा. परंपरा आतून कशी दिसते हे त्यांच्याकडूनच कळतं, पुस्तकातून नाही कळत. पण पेपरची जबाबदारी आणि मार्क पात्रताधारक शिक्षकाकडेच राहू द्या.

अंतर्गत मार्कांसाठी पालखी मुक्कामाला भेट ठेवणार असाल तर चालल्याबद्दल किंवा दर्शन घेतल्याबद्दल मार्क नसतात, टिपणवहीला असतात: मुक्कामाची व्यवस्था कोण बघतं, पाणी कुठून येतं, दिंडीचा क्रम कसा ठरतो, बायका कुठे झोपतात. आणि ज्याला जायचं नाही त्याच्यासाठी ग्रंथालयातलं तेवढ्याच मार्कांचं काम आधीपासून सिलॅबसमध्येच लिहा. एका मुलीने मला वर्गानंतर थांबून हळूच विचारलं होतं, मॅडम, मी देवळात आत नाही आले तर चालेल का. तिला ते विचारावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं, ते कागदावर आधीच असायला हवं होतं.

प्रश्नपत्रिका काढताना तीच कसोटी. "नामस्मरणाचे फायदे लिहा" हा प्रश्न नको. "नामाविषयी तुकाराम आणि एकनाथ यांची मांडणी दिलेल्या अभंगांच्या आधारे तपासा" हा हवा. न मानणारा विद्यार्थी आणि रोज हरिपाठ म्हणणारा विद्यार्थी, दोघांनाही त्या प्रश्नात पूर्ण मार्क मिळण्याची सारखी संधी पाहिजे.

देणगी आली तर

येते, आणि यावी. पुणे विद्यापीठात संत ज्ञानदेव, संत नामदेव यांच्या नावाची अध्यासनं, म्हणजे त्या विषयाच्या अभ्यासासाठीची खास केंद्रं, आहेत. मला नेहमी पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस पाली शिकायला श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत गेला, आणि सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले, महाराष्ट्रात कुठल्याही शहरात राहा आणि वर्षाला एक पुस्तक बडोद्यासाठी लिहा, अट एवढीच. कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडून ते आले, रा. गो. भांडारकरांच्या मदतीने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली, आणि १९१२ पासून त्यांनी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. पुस्तकात काय लिहायचं ते महाराजांनी सांगितलं नाही. तुमचा सामंजस्य करार असाच असू द्या: देणगीदाराचं नाव फलकावर, पण शिक्षकाची निवड विद्यापीठाच्या समितीकडे, सिलॅबस अभ्यास मंडळाकडे, परीक्षा परीक्षा विभागाकडे. "सिलॅबस देणगीदाराशी सल्लामसलत करून ठरेल" असं साधं वाक्य जरी दिसलं तरी सही करू नका.

मुलांच्या खात्यात क्रेडिट पोचेपर्यंत

पेपर मंजूर झाला की त्याला कोड मिळतो. तो कोड परीक्षा विभागाच्या सिस्टीममध्ये चढलाय का हे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन बघा, कारण कोड नसेल तर फॉर्ममध्ये पेपर दिसत नाही आणि मुलं नाइलाजाने दुसरा भरतात. प्रत्येक मुलाचं ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेले क्रेडिट जिथे जमा होतात ते) खातं हवं, डिजिलॉकरमधून उघडतं, आणि नाव आधारप्रमाणेच हवं, नाहीतर क्रेडिट जुळत नाहीत. २०२१ च्या नियमांप्रमाणे जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, त्यामुळे शिक्षण मध्येच सुटलेल्या मुलांना पण ही दोन क्रेडिट उपयोगी पडतात.

कॉलेजात शिकवणारं कोणी नसेल तर 'स्वयम्' (SWAYAM) या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स चालतो, सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घेता येतात, पण कोणते कोर्स चालतील ती यादी विद्यापीठाने मंजूर केलेली असली पाहिजे आणि मुलाने नाव नोंदवायच्या आधी कॉलेजला विचारलं पाहिजे. आधी कोर्स करून मग क्रेडिट मागायला आलेली मुलं मी दर वर्षी बघते.

निकाल लागल्यावर पहिल्या बॅचमधल्या पाच-सहा मुलांना बसवून त्यांचं खातं उघडायला सांगा आणि पेपरचं नाव, कोड, दोन क्रेडिट हे तिथे दिसतंय का ते डोळ्यांनी बघा. नसेल तर त्याच आठवड्यात परीक्षा विभागाला लेखी पत्र द्या, सोबत विद्या परिषदेच्या ठरावाची प्रत जोडा आणि पोच घेऊन ठेवा.